वन्संचं बिनमॉनिटरचं मशीन

२००७ साली आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये अठ्ठावीस माणसं, अठ्ठावीस कॉम्प्युटर आणि एक जावई होता. कॉम्प्युटरांबद्दल माझी काही तक्रार नाही.

आमची कंपनी कारखान्यांच्या बॉयलरची आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्यांची ड्रॉइंग करून द्यायची. मी तिथे लागले तेव्हा हॉलमध्ये तिरके बोर्ड होते, उत्तरेच्या मोठ्या खिडक्यांतून दिवसभर सारखा उजेड यायचा आणि आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढायचो. चूक झाली तर ब्लेडने अलगद खरवडायची आणि नखाने घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा. कंपनीचे मालक, म्हणजे आमचे मोठे साहेब, हात मागे बांधून बोर्डांमधून फिरायचे. तीन बोर्ड पलीकडची वाकडी रेघ त्यांना दिसायची. बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे. त्यांचं थांबणं पुरायचं.

मग साहेबांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली, ते घरी बसले आणि कंपनी चालवायला त्यांच्या मुलीचा नवरा आला. त्याला आम्ही पाठीमागे जावईबापू म्हणायचो, आणि तोंडावर ‘सर’ म्हणताना मनात तेच म्हणायचो. जावईबापूंनी जन्मात एक रेघ ओढलेली नव्हती. आल्या-आल्या त्यांनी एका चिमणीचं ड्रॉइंग हातात घेऊन, मान डोलावत, ‘फारच सफाईदार’ असं म्हटलं होतं. ड्रॉइंग उलटं होतं. चिमणी खाली आणि पाया वर. कोणी काही बोललं नाही, कारण मोठ्या साहेबांनी आम्हाला शिस्त लावली होती.

या गोष्टीत दुसरं महत्त्वाचं माणूस म्हणजे माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी. एकोणिसाव्या वर्षी त्यांना हॉलमध्ये मीच चिकटवलं, आणि चार वर्षांत त्या माझ्या पुढे गेल्या. हे लिहायला मला आता जड जात नाही, तेव्हा बोलायला जायचं. नळ्यांच्या गुंत्यातून वाट काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही बाकीच्या माऊस धरताना पाल धरल्यासारखं करत होतो, आणि वन्सं तिसऱ्या आठवड्यात नळ्या पडद्यावर गरागरा फिरवून बघत होत्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्याकडे त्या ज्या नजरेने बघायच्या, त्यामुळे दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. आमच्याच घरात राहायच्या. ही नोकरी हेच त्यांचं सगळं होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

त्या वर्षी जावईबापूंनी तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजला आरशासारख्या फरश्या बसवून घेतल्या. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून. पाहुणे सहसा पहिल्या मजल्यावरूनच चहा पिऊन परत जायचे. छाप पडली ती वन्संवर. पुसलेल्या फरशीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत पोलादी सळई घातली आणि सांगितलं, वर्षभर जिन्याचं नाव काढायचं नाही. आमचा हॉल तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही.

मोठ्या साहेबांनी आजारपणातून फोन केला. बाईंना घरून काम करू द्या म्हणाले. सासऱ्यांना नाही म्हणायची जावईबापूंची छाती नव्हती, म्हणून त्यांनी हो म्हणून नाही म्हणायची सोय करून ठेवली. मला केबिनमध्ये बोलावलं.

“तीन आठवडे बघू या,” ते म्हणाले. “नव्या बॉयलर हाउसचं काम त्या घरून करू शकल्या, तर प्रश्नच नाही. नाही जमलं, तर आपण त्यांना सन्मानाने निरोप देऊ.”

“निरोप कशाचा? त्या सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत.”

“म्हणूनच तर सन्मानाने,” ते म्हणाले.

ही व्यवस्था लावायला एक सल्लागार आणला. त्याच्याकडे लाल ठिपका पाडणारी एक बारीक बॅटरी होती आणि ती न चालवता त्याला वाक्य पुरं करता येत नसे. खिडकी दाखवायची असली तरी खिडकीवर ठिपका. हॉलने दुपारपर्यंत त्याचं नाव ठिपके ठेवलं. ठिपके म्हणाला, बाईंचं मशीन हॉलमध्येच राहील, कारण कंपनीची ड्रॉइंग इमारतीबाहेर न्यायला परवानगी नाही. घरी एक छोटा कॉम्प्युटर देऊ. मधलं सॉफ्टवेअर इथल्या मशीनचं चित्र फोनच्या तारेवरून घरी नेईल, आणि बाईंच्या माऊसची हालचाल इथे आणील.

“म्हणजे हात घरी आणि बोर्ड ऑफिसात,” मी म्हटलं.

“तितकं सोपं नाही ते,” ठिपके म्हणाला. तितकंच सोपं होतं.

बुधवार ते शुक्रवार, तीन दिवस काम उत्तम चाललं. वन्सं पलंगावर टेकून बसायच्या, मांडीवर फळी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या रिकाम्या टेबलावर माऊस न हलता नळ्या आपोआप जोडल्या जायच्या. आम्ही कामं सोडून बघायला जायचो. एकीने तर त्या खुर्चीला वाकून नमस्कार करायची नक्कल केली.

शनिवारी जावईबापू हॉलमधून चक्कर मारत असताना त्यांचं लक्ष वन्संच्या मॉनिटरवर गेलं. हॉलमधला सगळ्यांत मोठा आणि नवा मॉनिटर तोच होता, कारण सगळ्यांत दाट काम त्यांच्याकडे असायचं.

“बाई घरी बसल्यात, मग हा इथे कोणासाठी?” ते म्हणाले. “रिकाम्या खुर्चीला दाखवायला?”

सगळे हसले. मीही हसले. त्यांचं बोलणं मला शहाणपणाचं वाटलं होतं, हे कबूल करते. मॉनिटर केबिनमध्ये गेला आणि जावईबापू त्याच्यावर पत्त्यांचा डाव लावू लागले. केबिनच्या काचेतून राजा-राणी लांबूनसुद्धा स्पष्ट दिसायचे, इतका चांगला मॉनिटर होता.

सोमवारी सकाळी हॉलमधली मशीनं चालू झाली आणि वन्संचा फोन आला.

“वहिनी, चित्र लहान झालंय.”

“लहान म्हणजे?”

“म्हणजे जेवणाच्या टेबलावर हातरुमाल पसरावा, तेवढं. आणि नळ्यांचा प्रोग्राम उघडतच नाही. ग्राफिक्स कार्ड सापडत नाही म्हणतो.”

“कार्ड कुठे जाणारे? मशीनच्या पोटात असतं ते.”

“तेच मी त्याला विचारलं. उत्तर देत नाही.”

ठिपके आला. त्याने आधी फोनची तार दोषी ठरवली आणि घरी जाडजूड नवी लाइन ओढून घेतली. हातरुमाल तेवढाच राहिला, फक्त लवकर यायला लागला. मग त्याने घरचा कॉम्प्युटर बदलला. मग वन्संकडून ते सॉफ्टवेअर तीन वेळा पुसून तीन वेळा घालून घेतलं, आणि दर वेळी फोनवर लहान मुलाला बाराखडी सांगावी तसं, ‘आता हिरवं बटण, दिसलं का हिरवं बटण?’ असं विचारत राहिला. ज्या बाईने त्याच्या वयाइतकी वर्षं नळ्या मोजल्या, तिला हिरवं बटण. हॉलमधल्या मशीनच्या मागे वाकून एकदा बघावं, असं त्याला सुचलं नाही. मागे ठिपका पाडता येत नव्हता म्हणून असेल.

शेवटी त्याने एक कागद टाइप करून वन्संच्या मशीनवर चिकटवला आणि तपासणीचं काम माझ्या गळ्यात मारलं. पहिलं, मॉनिटर जोडा. दुसरं, मशीन बंद करून चालू करा आणि सगळं नीट दिसतं का ते पाहा. तिसरं, मॉनिटर काढून घ्या आणि मशीन पुन्हा एकदा बंद करून चालू करा. तिसरं कशासाठी, असं मी विचारलं. ‘फ्रेश होतं,’ तो म्हणाला.

वन्संची तक्रार आली की मी माझ्या टेबलावरचा मॉनिटर उपटायची. माझा जुना होता, काचेचा, मागे मोठं कुबड असलेला. तेवढं धूड पोटाशी धरून मी हॉल ओलांडायची आणि बाकीचे वाट करून द्यायचे, वर ‘बारसं कधी?’ म्हणून विचारायचे. मॉनिटर जोडायचा, मशीन चालू करायचं. आणि दर वेळी सगळं लख्ख. नळ्या, झडपा, रंग, सगळं जागच्या जागी.

“वन्सं, इथे तर काही बिघाड नाही.”

“आत्ता इथेही नीट दिसतंय.”

“मग झालं तर.”

मी मॉनिटर काढायची, कागदाबरहुकूम मशीन पुन्हा चालू करायची, धूड परत जागेवर न्यायची. ते माझ्या टेबलावर टेकवेपर्यंत फोन वाजायचा. “वहिनी, पुन्हा गेलं.”

असं दिवसातून दोन वेळा, कधी तीन. माझं स्वतःचं काम पडून राहायला लागलं. हॉलमध्ये डोळ्यांनी खुणा सुरू झाल्या. एक जण आपुलकीने म्हणाला, “वयाचं असतं हो, आमची आईपण टीव्ही बिघडला म्हणत बसते.” आठव्या की नवव्या दिवशी, कमरेत उसण भरलेली, समोर चार जण ऐकतायत, आणि फोन वाजला. मी म्हटलं, “वन्सं, इथल्या मशीनला काही झालेलं नाही. जे काय आहे ते तिकडे आहे. झेपत नसेल तर तसं सांगा. माणसाला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे.”

पलीकडून फक्त, “बरं वहिनी.”

त्या संध्याकाळी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पलंगाखालून त्यांनी माझा जुना ड्रॉइंग बोर्ड ओढून घेतला होता, आणि पेन्सिलीने त्याच्यावर काहीतरी काढत होत्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हे पेपरातून वर बघून म्हणाले, “तुम्ही दोघी भांडलात की काय?”

“नाही.”

“मग ठीक,” असं म्हणून पुन्हा पेपरात. ह्यांचा घरातल्या कुठल्याही भानगडीतला वाटा एवढाच असायचा, आणि त्याबद्दल त्यांना सगळे स्वभावाने गरीब म्हणायचे.

गुरुवारी जावईबापूंनी निकाल लावायचं ठरवलं. बिघाड मशीनचा की बाईंचा, हे सगळ्यांसमक्ष एकदा होऊन जाऊ द्या म्हणाले. ठिपके आला. सगळ्यांना दिसावं म्हणून त्याने केबिनमधला मोठा मॉनिटर वन्संच्या मशीनला जोडून घेतला. मशीन चालू केलं, फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

“बाई, दिसतंय का?”

“आत्ता दिसतंय,” वन्सं म्हणाल्या.

“प्रोग्राम उघडतोय?”

“आत्ता उघडतोय.”

“मग?” ठिपके म्हणाला आणि लाल ठिपका पडद्यावरून फिरवत जावईबापूंच्या छातीवर आणून थांबवला. जावईबापूंनी खेदाने मान हलवली. असला खेद मी पुष्कळ पाहिलाय, तो आरशासमोर तयार करावा लागतो. तीन आठवडे थांबायची गरज उरलेली नाही म्हणाले. सोमवारी पत्र देऊ. मॉनिटर केबिनमध्ये परत गेला. दुपारी टायपिस्टच्या टेबलावर मला ते पत्र दिसलं. दुसऱ्याच ओळीत ‘सन्मानाने’ होतं.

घरी गेले तर वन्सं मांडीवर वही घेऊन बसलेल्या. बाहेर अजून ऊन होतं. मी चप्पल काढतेय तोवर त्यांनी विचारलं, “वहिनी, आज त्या ठिपक्याने मशीनला मॉनिटर लावला होता?”

“हो. मोठा. सगळ्यांना दिसायला.”

“इकडे या जरा.”

आमच्या धंद्यात प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक तक्ता असतो. ड्रॉइंगमध्ये जो काही बदल होईल तो त्यात लिहायचा, तारीख, काय बदललं, कोणी बदललं. ही सवय एकदा हाताला लागली की सुटत नाही. वन्संनी वहीत बिघाडाचाच तसा तक्ता ठेवला होता. चित्र आलं अकरा पाचला, गेलं अकरा बावीसला. आलं तीन दहाला, गेलं तीन पंचवीसला. अकरा दिवसांच्या ओळी, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. शेवटचा रकाना, कोणी केलं, तेवढा कोरा होता.

“या वेळा कोणाच्या आहेत?” त्यांनी विचारलं.

मी वरून खाली बोट नेलं. अकरा पाच. तीन दहा. त्या माझ्या होत्या. माझ्या तपासणीच्या.

“तुम्ही तिथे जाताना काय नेता?”

“काय नेणार? मॉनिटर.”

“आणि निघताना?”

“परत आणते. कागदावर तसंच लिहिलंय.”

वन्संनी पेन्सिल खाली ठेवली. “पहिले तीन दिवस माझा मॉनिटर तिथेच होता. तेव्हा नीट चाललं. मग तो केबिनमध्ये गेला आणि सगळं बिघडलं. तुम्ही मॉनिटर घेऊन गेलात की येतं, तुम्ही तो काढून मशीन पुन्हा चालू केलंत की जातं. वहिनी, समोर कोणी बघणारं नसलं की ते मशीन चित्रच काढत नाही.”

“असं कसं? मशीन आहे ते.”

“कामचुकार माणसाचं असतं ना, तसंच. साहेब दिसला की पट्टी हातात. नाहीतर टेबलावर डोकं.” मग त्यांनी मला नीट सांगितलं, आणि मला ते कळलं, म्हणजे ते अवघड नव्हतं. चालू होताना मशीन आपल्या मागच्या सॉकेटमध्ये मॉनिटर आहे का ते चाचपून बघतं. नसला तर त्याचं कार्ड म्हणतं, मग मेहनत कोणासाठी, आणि एक कामचलाऊ हातरुमाल टाकून देतं. मधलं सॉफ्टवेअर बिचारं स्वतः काहीच काढत नाही, कार्डाने जे काढलं असेल त्याची नक्कल इकडे पाठवतं. तिथे काढलंच नाही, तर इकडे काय येणार?

मी त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसले. अकरा दिवस ते धूड पोटाशी धरून मी जाऊन त्यांचं काम सुरू करत होते आणि माझ्याच हाताने बंद करून येत होते. वर त्यांनाच थांबायला सांगत होते.

“मी उद्या माझा मॉनिटर तिथेच ठेवते,” मी म्हटलं.

“आणि तुम्ही कशावर काम करणार? शिवाय रिकाम्या खुर्चीसमोर मॉनिटर दिसला की तो जावई उचलणार. त्याला दिसणार नाही असं काहीतरी पाहिजे.”

आमच्या घराखाली रेडिओवाल्या काकांचं दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं ते रेडिओ आणि टीव्ही उघडून बसलेले. शुक्रवारी ऑफिसला जाताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत असताना एका रेडिओचं बटण पुसत होते.

“त्या मशीनच्या दृष्टीने मॉनिटर म्हणजे काय हो?” काका म्हणाले. “तीन तारांवरचा भार. लाल, हिरवा, निळा. तेवढा भार लागला की त्याला वाटतं, आहे कोणीतरी. पलीकडे मॉनिटर आहे की गाढव, हे ते बघायला येत नाही.”

संध्याकाळी त्यांनी माझ्या हातावर एक प्लग ठेवला. कुठल्याशा मोडक्या मॉनिटरच्या केबलचा कापलेला शेंडा, आणि त्याच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे तीन रेझिस्टर, म्हणजे तोच तो भार, डाग देऊन चिकटवलेले. अंगठ्यापेक्षा लहान. मी म्हटलं, “एवढंच?”

“तुम्हाला मोठं पाहिजे असलं तर डब्यात घालून देतो,” काका म्हणाले.

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये पोचले. गुडघ्यावर बसून तो प्लग वन्संच्या मशीनच्या मागे बसवला, ठिपकेचा कागद फाडून टाकला, मशीन चालू केलं आणि फोन लावला. मशीनसमोर टेबल मोकळं होतं. मला काहीच दिसत नव्हतं, फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“वन्सं?”

“थांबा. मोठं झालंय. थांबा, आकार हाताने निवडावा लागतोय.” मग बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक. मग, “आल्या.”

“काय आल्या?”

“नळ्या. सगळ्या. आता ठेवा फोन, मला काम आहे.”

त्या दिवसांत त्या माझ्या बोर्डावर पेन्सिलीने काय काढत होत्या ते मला तेव्हा कळलं. अख्खं बॉयलर हाउस त्यांनी हाताने काढून, मापं टाकून तयार ठेवलं होतं. आता फक्त मशीनमध्ये घालायचं राहिलं होतं. शनिवारचा उरलेला दिवस आणि रविवार त्यांनी ते घातलं. रविवारी ऑफिसला कुलूप होतं. त्या बंद हॉलमध्ये, काळं कुत्रं नसताना, ते मशीन अंगठ्याएवढ्या प्लगच्या धाकाने दिवसभर नळ्या काढत बसलं होतं. याचा विचार करून मला स्वयंपाक करता करता हसू येत होतं.

सोमवारी दहाला जावईबापू पत्र घेऊन हॉलमध्ये आले, सोबत ठिपके. मला म्हणाले, घरी जाताना हे बाईंना द्या, आणि आमच्या सदिच्छा कळवा. मी म्हटलं, “पाच मिनिटं थांबता का? वन्संचं एक ड्रॉइंग निघतंय.”

“निघतंय म्हणजे?” ठिपके म्हणाला.

तेवढ्यात कोपऱ्यातला ड्रॉइंग छापणारा मोठा प्लॉटर खडबडून जागा झाला. कोणी हात लावला नव्हता. सत्तावीस माणसं मान वळवून बघत राहिली आणि कागद इंच इंच बाहेर येऊ लागला. बॉयलर हाउसचा पहिला कागद. मी तो कापून जावईबापूंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, मान थोडी कलती केली. मी पुढे होऊन कागद त्यांच्या हातात फिरवून सुलटा केला.

“असा धरायचा,” मी म्हटलं. शिस्तीची मला तेवढ्यापुरती आठवण राहिली नाही.

ठिपके मशीनच्या मागे वाकला, पहिल्यांदाच, आणि प्लग बघून म्हणाला, “हे अधिकृत उपकरण नाही.”

“नाही,” मी म्हटलं. “पण केबिनमधल्या मॉनिटरपेक्षा जास्त काम करतंय.”

कोणीतरी मागे खोकलं. खोकणाऱ्याला दमा नव्हता. जावईबापूंचं लक्ष मात्र कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर खिळलं होतं, कारण ड्रॉइंगमधली तेवढीच जागा त्यांना वाचता येत होती. तक्त्यात वन्संनी लिहिलं होतं: मॉनिटर केबिनमध्ये नेल्याने काम बारा दिवस थांबले. पुढे तारखा. त्याखाली: मशीनला प्लग बसवला, वहिनी.

“ही ओळ काढून टाकायला सांगा,” जावईबापू हळू आवाजात म्हणाले. “हा कागद सहीला घरी जाईल.” प्रत्येक ड्रॉइंगच्या पक्क्या कागदावर अजून मोठ्या साहेबांचीच सही लागायची, आणि मोठे साहेब आधी तक्ता वाचायचे, मग ड्रॉइंग. हे सगळ्या हॉलला ठाऊक होतं.

मी फोन लावून निरोप सांगितला. आवाज मोठा ठेवला, गुरुवारी ठिपकेने ठेवला होता तसाच.

“तक्त्यातली ओळ खोडत नाहीत,” वन्सं म्हणाल्या. “चुकीची असेल तर खाली नवीन ओळ लिहितात, आणि पुढे ती सांगणाऱ्याचं नाव. सरांना विचारा, नवीन काय लिहू?”

जावईबापूंनी पत्र घडी घालून खिशात टाकलं. कागद दुपारी मोठ्या साहेबांकडे गेला आणि चार वाजता केबिनमधला फोन वाजला. काचेतून आम्हाला फक्त दिसत होतं. जावईबापू उभे राहिले, आणि फोन संपेपर्यंत उभेच होते. संध्याकाळी मोठा मॉनिटर वन्संच्या टेबलावर परत आला. तो त्यांना नको होता. मी घेतला.

घरी गेल्यावर मी वन्संच्या खोलीच्या दारात उभी राहिले. म्हटलं, “त्या दिवशी फोनवर मी जे बोलले...”

“ते तक्त्यात नाहीये,” त्या म्हणाल्या.

“खोडलंत?”

“खोडत नाहीत. लिहिलंच नव्हतं.” आणि वही मिटून उशीखाली घातली.

पुढचं थोडक्यात सांगते. मोठे साहेब त्यानंतर दीड वर्ष होते. बॉयलर हाउसच्या एकोणीसही कागदांवर त्यांची सही आहे, शेवटच्या तिनांवर थरथरती. ते गेल्यावर जावईबापूंनी चार वर्षांत कंपनी विकून टाकली. हल्ली ते लोकांना घरून काम करण्याविषयी भाषणं देतात असं कळलं, आणि आपण ते २००७ सालीच सुरू केलं होतं असं सांगतात. तारीख तरी खरी आहे. ठिपकेने आमच्या प्लगचा फोटो काढून, त्याला एक लांबलचक नाव देऊन, तीन कंपन्यांमध्ये आपली युक्ती म्हणून खपवला. आता तसले प्लग म्हणे दुकानात तयार मिळतात, आणि काही सॉफ्टवेअर तर मशीनला नसलेला मॉनिटर आहे असं आपलं आपणच पटवतात. रेडिओवाल्या काकांनी दुकान बंद केलं ते हात कापायला लागले म्हणून. प्लगचा पुढे मोठा धंदा झाला हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “पलीकडे गाढव असलं तरी चालतं म्हटलं होतं मी, आठवतंय ना?” आमचे हे सहा वर्षांपूर्वी गेले, पेपर वाचता वाचता, कोणाला काही त्रास न देता.

मी साठाव्या वर्षी निवृत्त झाले. वन्संनी नव्या मालकांकडे आणखी नऊ वर्षं घरून काम केलं. त्या शेवटपर्यंत थोड्या लंगडत चालायच्या, आता फारशा चालत नाहीत. आम्ही दोघीच असतो. खुबा दुखतो त्यांचा, पण विचारलं की ‘काही नाही’ म्हणतात. मी खोलीत गेले की पाठ ताठ करून बसतात, चेहरा हसरा, चष्मा जागेवर. बाहेर आले की आतून कण्हण्याचा आवाज येतो. डॉक्टर आले तरी तसंच, ते बघून जातात आणि मला सांगतात, बाई उत्तम आहेत.

म्हणून अलीकडे मी चहा घेऊन गेले की लगेच परत येत नाही. खुर्ची ओढून बसते आणि त्यांच्याकडे न बघता माझं विणकाम काढते. अर्ध्या-पाऊण तासाने त्या थकतात, पाय लांब करतात आणि कुठे दुखतंय ते सांगतात.